वाचक विचारतात: ओपन स्पेसवर हॉल बांधायचा की झाडं लावायची?

प्रश्न: आमची जळगावातली कॉलनी जुनी आहे. मधोमध ओपन स्पेस, त्यात तीन मोठे कडुनिंब, बाकी काटेरी झुडपं नि कचरा. आता निधी येणार म्हणताय. एक गट म्हणतो सभागृह बांधा, हळदी-साखरपुड्याला कामी येईल, दुसरा म्हणतो पेव्हर ब्लॉक टाकून लॉन, कारंजं आणि सेल्फी पॉइंट करा. आम्ही दोन-चार घरं झाडं लावा म्हणतो तर लोक हसतात. नुसत्या झाडांनी काय होतं हो?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर: दादा, हसणाऱ्यांना मे महिन्यात दुपारी तीनला तिथे मीटिंगला बोलवा. सगळे मुकाट त्या तीन कडुनिंबांखाली येऊन उभे राहतील, ठराव तिथेच मांडा.

आधी सभागृहाचं बोलू. ओपन स्पेस म्हणजे बिल्डरकडे उरलेला तुकडा नाही. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीतही ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि त्या जागेचे पैसे प्लॉट घेताना तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेलेच असतात. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, शेजारचे लोक कोर्टात गेले, प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९१ मध्ये कोर्टाने ते वाटप रद्दच ठरवलं. हॉस्पिटल म्हणजे चांगलं काम, तरी बागेच्या जागेवर नाही म्हणजे नाही. तुमची केस डिट्टो तशी नसेल, पण कुणी कुदळ मारायच्या आत नगररचना विभागातून मंजूर ले-आउटची नक्कल काढून ठेवा. नक्कल हातात असली की निम्मे पुढारी आपोआप गप होतात.

आता पेव्हर ब्लॉक. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, ब्लॉक दिवसभर तापतात आणि ती धग रात्री बाहेर टाकतात, म्हणून अकरा वाजले तरी गच्चीवर झोप लागत नाही. झाडाचं उलटं असतं, ते सावली तर देतंच पण मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेने सोडतं, त्यात आजूबाजूची उष्णता खर्च होते. केळीवाला शेतकरी बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत उगाच लावत नाही, गरम वाऱ्याने केळीची पानं फाटतात हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तोच शेतकरी शहरात प्लॉट घेतला की अंगण कंपाउंडपर्यंत फरशीने झाकतो! शिवाय पावसाचं पाणी ब्लॉकवरून थेट गटारीत जातं, जमिनीत मुरतच नाही, मग फेब्रुवारीत बोअर आटली म्हणून ओरडायचं.

लॉनला तर माझा साफ विरोध आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात गवताला रोज पाणी द्यायचं? आणि वर पाटी, 'हिरवळीवर बसू नये'. मग बसायचं कुठे?

तेव्हा कडुनिंब वाचवा आणि बुंध्याला लागून सिमेंटचा गोल ओटा अजिबात बांधू नका. पाणी आत जात नाही, मुळं गुदमरतात, मग एखाद्या वादळात झाड आडवं होतं. कडेने कडुनिंब, करंज, एखादी चिंच लावा. वड-पिंपळ भिंतीपासून लांब. आषाढात लावा आणि पहिले तीन उन्हाळे पाणी द्या. ठिबकसाठी देशभर नाव असलेल्या गावात कॉलनीच्या झाडांना टँकर लागतो हे पटत नाही, ठिबकच्या दोन नळ्या (लॅटरल) टाकून द्या की.

प्रश्न: धुळ्यात आमच्या जवळची बाग सकाळी नऊला बंद होते ती थेट संध्याकाळी उघडते. कारण विचारलं तर म्हणतात दुपारी टवाळ पोरं बसतात.
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, एसीवाल्याला बाग सकाळी फिरायला लागते, पत्र्याच्या घरातल्या माणसाला ती दुपारी लागते. रिक्षावाले, हातगाडीवाले, सिव्हिलला पेशंट घेऊन खेड्यावरून आलेले, यांनी एक ते चार कुठे टेकायचं? २०१० ची उष्णतेची लाट बसल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन केला, आणि तिथे उन्हाळ्यात बागा दुपारीही उघड्या ठेवतात. टवाळांसाठी एक वॉचमन पुरतो, कुलूप कशाला? एप्रिल-मे-जूनपुरती वेळ बदला असा अर्ज करा, सोबत पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी चालू स्थितीतलं टॉयलेट मागा. टॉयलेटला कुलूप असतं म्हणून किती बायका बागेत येऊन अर्ध्या तासात उठून जातात हे कुणी मोजत नाही.

प्रश्न: डिव्हायडरवर कोनोकार्पस लावतात, भराभर वाढतं, मग घरासमोर लावू का?
(भुसावळहून एक ताई)

उत्तर: नका लावू ताई. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, परागकणांमुळे सर्दी-दम्याचा त्रास आणि मुळं पाइपलाइनमध्ये घुसतात ही कारणं देऊन. बकुळ लावा. हळू वाढेल, पण सावली गच्च देईल.