ड्यूटीवर शिकवायचं कसं

प्रिय डॉक्टर,

रात्री दोन वाजता पाच पेशंट ताटकळत असताना इंटर्नला शिकवायचं कधी, असं तू विचारलंस. वेगळा वेळ शोधत बसलीस तर तो मिळणारच नाही. पण इंटर्न केस सांगायला येतो तेव्हा दोन मिनिटं तो तुझ्यासमोर उभाच असतो. आपण ती उत्तर सांगून संपवतो.

समज, तो सांगतोय: साठीचे गृहस्थ, पोटात वरच्या बाजूला दोन तास दुखतंय, एक उलटी, दरदरून घाम, मधुमेह आहे. तुझ्या डोक्यात ईसीजी केव्हाच आलाय. तो लगेच काढायला लाव. शिकवण्यापायी पेशंटचं काम अडता कामा नये. उत्तर अर्धं फुटेल, फुटू दे. ईसीजीच्या तारा (लीड) लागेपर्यंत विचार, ‘तुला काय वाटतं?’ तो म्हणेल, अ‍ॅसिडिटी. ‘कशावरून? आणखी काय असेल, जे सुटलं तर जिवावर बेतेल?’

आणि मग गप्प राहा. मला हे जमायला वर्षं लागली. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी शाळेच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची, एरवी गप्प बसणारीही बोलायची. रात्रपाळीत दमलेल्या इंटर्नला ते तीन सेकंद हवेच असतात.

मग नियम सांग, पण एकच: वरच्या पोटात दुखणं आणि घाम, त्यात मधुमेह, तर आधी ईसीजी; हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असाही येतो. बाकीचं सकाळी. काय बरोबर केलं ते नेमकं सांग. ‘छान’ म्हटल्याने काही कळत नाही, ‘मधुमेहाचं आवर्जून विचारलंस’ म्हटल्याने कळतं. चूकही तशीच सांग: ‘नाडी, बीपी न बघता आलास.’ नेहर आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेली ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ (मिनिटभरात शिकवणारा) पद्धत ती हीच.

चूक मात्र पडद्याबाहेर सांग. पहिल्या वर्षी एका सिनियरनी मला खाटेशीच झापलं होतं. त्यानंतर मी कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावायला गेले की तो पेशंट हात मागे घ्यायचा. इजा होणारच असेल तर ‘थांब, मी घेते’ एवढंच पुरे.

हातचं काम शिकवताना पेटन यांचे चार टप्पे धर: नेहमीच्या वेगाने करून दाखव, मग समजावत कर, मग तो सांगेल तसं तू कर, शेवटी त्याने करावं. हे एकाच पेशंटवर नाही, रात्रभरात वेगवेगळ्या पेशंटवर. घाईत पहिले दोन एकत्र झाले तरी चालेल, तिसरा गाळू नकोस. कॅन्युला लावताना रक्त दिसलं की मी हात थांबवून विचारते, ‘आता?’ तो सांगतो, ‘कोन कमी करा, जराशी आत घ्या, मग सुई धरून ठेवा आणि नुसती कॅन्युला सरकवा.’ एवढं न अडखळता आलं की पुढची सुई त्याच्या हातात.

ड्यूटी सुरू होताना त्याला विचार, आज काय शिकायचंय. एकच गोष्ट ठरवा. पहाटे हँडओव्हरच्या आधी तीच पुन्हा विचार, आणि आली नाही तर पुढच्या ड्यूटीलाही तीच घे.

तुझी मॅडम