गॅरेजच्या भिंतींना दोन लाखांचं पांघरूण?

कुडाळजवळच्या एका वाचक काकांचं पत्र आलं आहे. मुंबईत टूलरूममध्ये आयुष्य घालवून ते गावी परतले. घराला लागून चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, गॅरेज आहे, 18 बाय 11 फूट, उंची 10. जुनी गाडी 85 हजारांना विकली आणि गॅरेज रिकामं झालं, तिथे सुतारकामाचं वर्कशॉप काढायचं आहे. पाट, चौरंग, देव्हारे, आणि चतुर्थीच्या आधी माटव्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटी. भिंती आतून उघड्या चिऱ्याच्या, "पावसात त्यांना घाम येतो" असं ते लिहितात. एका इंटिरियरवाल्याने चारही बाजूंना खाचांचे पीव्हीसी पॅनल सुचवलेत, लाकडी पट्ट्यांवर ठोकून. कोटेशन 2,12,164 रुपयांचं. पुतण्याचं म्हणणं, गिऱ्हाईक येणार तर भिंती बघण्यासारख्या हव्यात. काकांचा प्रश्न एवढाच: हे पैसे एफडी मोडून द्यावेत, पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेतून काढावेत, की एफडीवर कर्ज घ्यावं?

नमस्कार काका,

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. मी आधी पट्टी घेऊन बसले. 18 आणि 11 च्या चार भिंती म्हणजे घेर 58 फूट. त्याला उंची 10, म्हणजे 580 चौरस फूट. कोटेशनमध्ये बरोब्बर 580 लिहिलंय. दर 310, त्यावर 18 टक्के जीएसटी. पण तुमच्याच नकाशात 9 बाय 8 चं शटर आहे, 3 बाय 7 चं दार आहे आणि 4 बाय 4 ची खिडकी आहे. ही 109 चौरस फूट भिंत नाहीच. म्हणजे तुमच्या शटरलाही पॅनल लागलंय, कागदावर. करासकट त्याचे होतात 39,872 रुपये. लहानसहान खिडकी मोजणीत धरायची रीत काही ठिकाणी आहे, पण आख्खं शटर? तुम्ही आयुष्यभर व्हर्निअर हातात धरलेला माणूस, तुमच्या नजरेतून हे कसं सुटलं याचंच मला नवल वाटलं. घरचं काम निघालं की आपण सगळेच असे आंधळे होतो.

आता पैसे कुठून, हा तुमचा प्रश्न. तुम्ही दिलेले आकडे असे: सीनियर सिटिझन योजनेत 20 लाख, 8.2 टक्क्यांनी, दर तिमाहीला 41,000. पोस्टाच्या मासिक योजनेत 9 लाख, 7.4 टक्क्यांनी, महिन्याला 5,550. ईपीएसचं, म्हणजे नोकरीतल्या पीएफबरोबरचं, पेन्शन 3,200. सगळं मिळून महिन्याला सुमारे 22,400 आणि खर्च 21,000. हातात उरतात 1,400. बँकेत 4 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी, तिचं व्याज तुम्ही काढत नाही.

सीनियर सिटिझन योजनेला हात लावायचा विचार आजच सोडा. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर आख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला 14 महिने झालेत. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केलं तर ठेवीतून दीड टक्का कापतात, तुमच्या बाबतीत सरळ 30,000 रुपये. शिवाय खातं उघडताना मिळालेला 8.2 टक्के दर पाच वर्षं बदलत नाही. पुन्हा गुंतवायला गेलात तर त्या दिवशीचा जो असेल तो दर पदरात पडेल. भिंतीसाठी एवढं मोजायचं?

एफडीवर कर्ज हा पर्याय ऐकायला सोज्वळ वाटतो. एफडी मोडत नाही, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. पण हप्ता कशातून भरणार? 2 लाखांना साडेआठ टक्के धरून तीन वर्षांचा हप्ता साधारण 6,300 येतो. तुमच्याकडे उरतात 1,400. बाकीचे वर्कशॉपने कमवून द्यायचे, तेही पहिल्या महिन्यापासून. माटव्यांची ऑर्डर चतुर्थीच्या आधी येते. कार्तिकात कोण माटवी घेतो?

राहिली एफडी. तुम्ही तिला "पडून असलेले पैसे" म्हटलंय. काका, ते पडून नाहीत. पत्रात आरोग्य विम्याचा एक शब्द नाही, म्हणजे बहुधा नसावा. महात्मा फुले योजना आहे, पण ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांत. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड तुम्हाला अजून आठ वर्षं लांब. मोठं दुखणं आलं की तुमच्या भागातून गाडी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नाहीतर कोल्हापूरला निघते, आणि त्या रात्री खिशात रोकड लागते. ते 4 लाख म्हणजे बांबोळीचे पैसे. त्यातले निम्मे पीव्हीसीत घालायला माझं मन धजत नाही. उलट, मुदत संपली की ही एकच पावती चार पावत्यांत तोडून घ्या, प्रत्येकी एक लाखाची. मग गरज पडली तर एक मोडेल, तीन चालू राहतील.

हे झालं माझ्या खात्यातलं. आता थोडं भिंतीबद्दल, कारण पैशाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

चिरा पाणी पितो. पश्चिमेकडून झडीचा पाऊस सुरू झाला की भिंत ओली होते आणि ती ओल आत येते. तुम्ही ज्याला घाम म्हणता तो तोच. आतून पॅनल लावल्याने ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. मी हे पैसे मोजून शिकले आहे. माझं जुनं ऑफिस असंच चिऱ्याच्या इमारतीत होतं, आणि ओल झाकायला मी 38 हजारांची पॅनल लावून घेतली. पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यात अशिलांच्या फायलींना कुबट वास यायला लागला. कोपऱ्यातलं एक पॅनल उचकटलं तर मागे भिंतभर काळी बुरशी, आणि लाकडी पट्ट्यांवरून वाळवीची मातकट नळी थेट फायलींच्या रॅकपर्यंत गेलेली. पट्टी बोटाने दाबली तर आत पोकळ, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक. पॅनल मात्र नव्यासारखं होतं! ते काढायची मजुरी वेगळी दिली.

तुमच्याकडे तर आत लाकूडच लाकूड असणार. ओल्या चिऱ्याला चिकटून पट्ट्या ठोकणं म्हणजे वाळवीला पायऱ्या बांधून देणं.

आणखी एक, खाचांचं पॅनल आणि करवतीचा भुसा यांचं जमायचं नाही. प्रत्येक खाचेत भुसा बसेल. दर शनिवारी ब्रश घेऊन 471 चौरस फूट खाचा कोण साफ करणार, काकी? पीव्हीसीवर हत्यारं टांगता येत नाहीत, आणि पटाशीला धार लावताना ग्राइंडरची ठिणगी त्यावर पडली तर डाग पडेल, पेटलं तर धूर विषारी. जिप्सम बोर्डाचाही विचार नको, ओलीने तो मऊ पडतो. एमडीएफ तर तुमच्या हवेत पुरीसारखा फुगतो. सिमेंट बोर्ड ओलीला टिकतो, पण हत्यारांचा भार त्याच्यावर टाकवत नाही. ग्राइंडरच्या मागे दोन फुटांचा तुकडा लावायला उत्तम.

पांघरूण हवंच असेल तर ते भिंतीला बाहेरून हवं. पूर्वी पावसाळ्यात पश्चिमेला चुडतांची झड, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचा आडोसा, बांधायचे ती उगाच नाही. तुम्ही तिथे अँगलवर पत्रा मारून घ्या, भिंतीपासून थोडा सुटा. 18 बाय 10 म्हणजे 180 चौरस फूट, 90 चा दर धरला तर 16,200. बाहेरच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, जिथे उघड्या पडल्यात तिथे भरून घ्यायला 6,000. आतून चुन्याचे दोन हात, 3,000. चुन्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो आणि वर्कशॉप उजळतं, ट्यूबलाइट एक कमी लागेल.

मग आतली एकच भिंत झाकायची, जिच्यासमोर तुमचं बाक असेल. तुमच्या नकाशावरून मी पूर्वेची निवडली, कारण खिडकीचा उजेड तिथे येतो आणि पाऊस मारत नाही. प्लायचे तीन ताव उभे लावलेत की 12 फूट रुंद, 8 फूट उंच होतं, 96 चौरस फूट. 12 मिलिमीटर पुरे, पण बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी, घ्या, तावावर आयएस 710 चा शिक्का बघून. 95 चा दर धरून 9,120. मागे लाकडी पट्टी नको, जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, चॅनल लावा, स्क्रूसकट 3,500. चिरा ठिसूळ असतो, प्लग ढिला पडतो, तेव्हा चॅनल जमिनीवर टेकू द्या म्हणजे भार भिंतीवर लटकणार नाही. प्लाय मात्र जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून बोटभर पुढे. त्यावर 45 अंशात कापलेल्या लाकडी पट्ट्या मारल्यात की रंधे, करवती, क्लॅम्प हवे तसे टांगा आणि मनात येईल तेव्हा हलवा. तुमच्या हाताला हे एका दुपारचं काम आहे, म्हणून मजुरी धरली नाही.

भिंतीत वाचलेल्या पैशातले काही जिथे खरंच हवेत तिथे घाला. वेगळी वायरिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) 12,000, एक्झॉस्ट पंखा 4,500, आग विझवायचा सिलिंडर 2,500. लाकडाचा बारीक भुसा दिसतो तेवढा गरीब नाही. तो पेट घेतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. मास्क लावा. घराचा विमा काढला असेल तर कंपनीला पत्राने कळवा की गॅरेजात आता वर्कशॉप आहे. दावा करायच्या वेळी हे त्यांना पहिल्यांदा कळायला नको.

सगळं मिळून 56,820. दर मी अंदाजाने धरलेत, कुडाळच्या दोन दुकानांत विचारा, पाच हजार इकडेतिकडे होतील. गाडीचे 85 हजार बचत खात्यात आहेतच. गाडीच्या पैशांतून गाडीची जागा सजली आणि वर 28 हजार उरले, ते लाकूड, पॉलिश आणि फेव्हिकॉलसाठी ठेवा. कारण माटवीचे पैसे चतुर्थीला मिळतील, लाकडाचे मात्र आधी मोजावे लागतात. धंद्याची नोंदणी करायची तर उद्यम पोर्टलवर फुकट होते, एजंटला पाचशे देऊ नका. जीएसटीची काळजी नको, वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत तो लागत नाही. तिथवर गेलात तर मला पेढे पाठवा.

पत्रा, दर्जा आणि वायरिंग मात्र जूनच्या आत उरका. आतली प्लाय पावसाळा संपल्यावर. हा एक पावसाळा भिंतीकडे बघा, ओल कुठून येते, किती उंच चढते, कोळशाने भिंतीवरच रेघ मारून ठेवा. रेघ पूर्वेच्या भिंतीवर पडली तर मला कळवा, मग बाकाची जागा बदलू. तोवर दोन लाकडी घोडे आणि त्यावर फळी टाकून काम सुरू करता येईल.

पुतण्याच्या मुद्द्याचं काय? गिऱ्हाईक देव्हाऱ्याचा सांधा बघायला येणार आहे. तरी बघण्यासारखं काही हवंच असेल तर चुना दिलेल्या भिंतीसमोर तुमचे चार चौरंग मांडून ठेवा.

इंटिरियरवाला ओळखीचा आहे, नाही कसं म्हणू, असंही तुम्ही लिहिलंय. त्याला फक्त शटरचा हिशोब विचारा. बाकीचं तोच बोलेल.