‘यांना आगीत घुसायचंय, काही झालं तर?’

बँकेतून निवृत्त झालेले प्रभाकरराव (नाव बदललं आहे) पत्नीसह समुपदेशनासाठी आले, ते रोजच्या खटक्यांमुळे. इमारतीतल्या मीटर रूमला आग लागली तेव्हा सगळेच गोंधळून गेले होते. तेव्हापासून यांनी अग्निशमन स्वयंसेवक व्हायचं मनावर घेतलं. “वय ६१, बीपीची गोळी चालू. काही झालं तर?” काकूंचा हा प्रश्न अनेक निवृत्तांच्या घरी निघतो.

काळजी खोटी नाही. धुरात शिरताना जवान पाठीवर घेतात त्या श्वसनयंत्राचंच वजन दहा-पंधरा किलो. वर उष्णता, घाम आणि एकदम वाढणारे ठोके. अमेरिकेत ड्यूटीवर दगावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकार हे वर्षानुवर्षं मोठं कारण राहिलं आहे.

पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. “बँकेत लोक सहीसाठी थांबायचे. आता फोन वाजला तर कुरियरवाला,” असं ते बोलून गेले. खरं दुखणं हे होतं. म्हणून आम्ही कामांची वाटणी केली. धुरात शिरणं आणि माणूस ओढून काढणं फक्त अग्निशमन दलाचं. बाकीचं त्यांचं, तेही डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन.

हे बाकीचं काम थोडं नाही. आग विझवायचा सहा किलोचा एबीसी पावडरचा (घन, द्रव आणि वायूच्या आगींवर चालणारा) सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. म्हणून आधी १०१ ला फोन, मग सिलिंडर. पाठ दाराकडे, दोन-तीन मीटरवरून मारा ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच. एका सिलिंडरात विझली नाही तर दार ओढून घ्यायचं आणि खाली उतरायचं. कढईतल्या तेलावर पाणी कधीच नाही. हात पोचत असेल तर गॅस बंद करून झाकण सरकवायचं.

दर महिन्याच्या फेरीत ते बघतात: सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्यात आहे का, पिनचं सील शाबूत आहे का, होजच्या (पाण्याच्या पाइपच्या) पेटीतलं पितळी नोझल जागेवर आहे का (ते चोरीला जातं), पंपाचा स्विच ‘ऑटो’वर आहे का. तो ‘मॅन्युअल’वर राहिला तर व्हॉल्व्ह उघडूनही पंप आपोआप सुरू होत नाही. जानेवारी आणि जुलैत द्यायच्या ‘बी फॉर्म’चा (इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याच्या प्रमाणपत्राचा) पाठपुरावाही त्यांच्याकडे आला.

जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी काकूंनी केली. कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हे त्यांनाच ठाऊक. आगीची घोषणा झाली की प्रभाकररावांनी किल्ल्या आणि ती यादी घेऊन फाटकावर थांबायचं, बंबाला वाट दाखवायची, वर कोण अडकलंय ते सांगायचं. पुन्हा आत जायचं नाही. हे दोघांनी एकमेकांसमोर कबूल केलं.

जिन्यातल्या चपलांच्या रॅकवरून मात्र शेजाऱ्यांशी वाजलं. ग्रुपवर फोटो टाकू नका, दोघं मिळून घरी जा आणि रॅक आत घ्यायला स्वतः हात लावा, असं सुचवलं आहे.