साडेतीनपर्यंत थांब

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर मोबाइल पुढे करून म्हणालीस, "काका, बघा, या शेअरने सहा महिन्यांनी रेंज तोडली!" शेअर तू सकाळीच घेऊन टाकला होतास, ठाण्याहून ऐरोलीला जाताना, लोकलमध्ये उभ्या उभ्या. तिथल्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

समज, एखादा शेअर सहा महिने ४२० ते ४५० मध्ये घुटमळतोय. हीच त्याची रेंज. त्या ४५० ला नुसती रेघ नसते गं, माणसं असतात. वरच्या भावात अडकलेली, मुद्दल सुटलं की विकू म्हणून टपून बसलेली. त्यांचा माल कोणीतरी उचलल्याशिवाय भाव वर टिकत नाही. म्हणून सकाळी ४५६ दिसला तरी मी त्याला ब्रेकआउट, म्हणजे रेंज खरोखर तुटली, असं म्हणत नाही. साडेतीनला बाजार बंद होताना तो ४५० च्या चांगला वर असला आणि व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात हात बदललेले शेअर, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट झाला, तरच पुढचा विचार. डिलिव्हरी किती झाली, म्हणजे त्याच दिवशी न विकता किती शेअर लोकांनी ठेवून घेतले, तेही बघ. एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, साइटवर संध्याकाळी आकडा येतो.

मी एकदा अकरा वाजताच घाई केली होती. दुपारी भाव परत रेंजमध्ये आला. तेव्हाच विकलं असतं तर किरकोळ तोटा होता, पण स्वस्त मिळतोय म्हणून मी आणखी घेतले. मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे दीड वर्ष अडकले. घरी सांगताना मान वर होत नव्हती.

आता खरं महत्त्वाचं. किती शेअर घ्यायचे हे खिशात किती पैसे आहेत यावर ठरवू नकोस. चुकलं तर किती जाणार यावर ठरव. तुझं भांडवल दोन लाख. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे २,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत. शेअर ४६० ला घेतला, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला विकून मोकळं व्हायचा भाव, ४४० ला लावला, तर शेअरमागे २० रुपये. मग १०० शेअर. त्या दिवशी घेतला नाहीस, दुसऱ्या दिवशी तोच ४८० ला उघडला आणि स्टॉपलॉस तिथेच राहिला, तर शेअरमागे ४० रुपये. मग ५०च घ्यायचे. नाहीतर सोडून द्यायचा. मी बहुतेक वेळा सोडतो. रात्रीत वाईट बातमी आली आणि शेअर ४२५ ला उघडला, तर स्टॉपलॉसही तुला ४४० मिळवून देणार नाही. म्हणून सगळं भांडवल एकाच शेअरमध्ये घालायचं नाही.

वर्षाच्या आत विकलास तर नफ्यावर २० टक्के कर आहे, शिवाय घेताना-विकताना एसटीटी हा सौद्यावरचा कर, हिशेबात धर. आणि इंट्राडेच्या, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या, वाटेला जाऊ नकोस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२२-२३ साली कॅश बाजारात, म्हणजे थेट शेअरच्या बाजारात, इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटाच झाला होता.

रविवारी नौपाड्याला ये. काकू थालीपीठ लावणार आहे. परवा घेतलेल्या शेअरचा स्टॉपलॉस कुठे लावलास आणि तिथेच का, हे कागदावर लिहून आण. लावलाच नसशील, तर उद्या बाजार उघडायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
काका