स्पॅनिशमधलं 'इर' (जाणे) हे क्रियापद सगळ्या काळांत कसं चालवायचं? तक्ता पाठच होत नाहीये

तुम्ही लिहिलंय, 'बोय, इबा आणि फुई ही तिन्ही रूपं एकाच क्रियापदाची आहेत यावर विश्वास बसत नाही, आणि पुढच्या महिन्यात ए-२ ची (भाषेच्या दुसऱ्या पायरीची) परीक्षा आहे.' विश्वास बसत नाही ते बरोबरच आहे. ती एकाची नाहीतच.

लॅटिनमध्ये तीन वेगळी क्रियापदं होती. 'ईरे' म्हणजे जाणे, 'वादेरे' म्हणजेही जाणेच पण जरा झपाट्याने, आणि 'एस्से' म्हणजे असणे. 'ईरे'ची वर्तमानकाळातली रूपं फार आखूड होती: एओ, ईस, ईत. ती टिकली नाहीत आणि त्यांच्या जागी 'वादेरे'ची येऊन बसली. भूतकाळात तर चक्क 'असणे'ची रूपं घुसली. म्हणजे स्पॅनिशचं 'इर' ही तीन तुकड्यांची गोधडी आहे. शिवण कुठे आहे ते एकदा दिसलं की पाठांतर निम्म्याने कमी होतं.

आणि हे आपल्याला नवीन वाटायचं काही कारण नाही. मी जाते, मी जाईन, पण काल मी गेले. 'जा'मधला 'ज' कुठे गेला? 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गत'वरून, म्हणजे 'गम्'वरून. माझी भाची तीन वर्षांची असताना 'आजोबा जाले' म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. तर्क तिचाच बरोबर होता! तुम्ही आता स्पॅनिशमध्ये त्याच वयाचे आहात, एवढंच.

आता तुकडे बघू. स्पॅनिशमध्ये 'व्ही' लिहिला तरी उच्चार 'ब'च्या जवळ जातो, म्हणून मी खाली 'ब'च लिहितेय.

पहिला तुकडा 'वादेरे'चा. वर्तमानकाळ: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने). विध्यर्थही याच कापडाचा: बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान. यातलं 'बाइस' आणि 'बायाइस' मुख्यतः स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत अनेकवचनी 'तुम्ही'लाही 'ते'चंच रूप लावतात. तुमचं काम मेक्सिकोच्या लोकांशी असेल तर ही पाचवी रूपं ओळखता आली तरी पुरे, तोंडात बसवायच्या मागे लागू नका.

दुसरा तुकडा मूळ 'ईरे'चा. भविष्यकाळ अगदी सरळ आहे, 'इर'ला शेपट्या लावायच्या: इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान. (शेवटचं रूप आणि इराण देशाचं स्पॅनिश नाव यांच्या लेखनात फक्त पहिल्या अक्षराचा फरक. 'इरान आ इरान' म्हणजे 'ते इराणला जातील'.) संकेतार्थ, म्हणजे 'गेले असते'मधला नव्हे तर 'मी जाईनही' या अर्थाचा: इरीआ, इरीआस, इरीआ, इरीआमोस, इरीआइस, इरीआन. अपूर्ण भूतकाळ: इबा, इबास, इबा, ईबामोस, इबाइस, इबान. या काळात अख्ख्या स्पॅनिशमध्ये अनियमित क्रियापदं तीनच आहेत, इर, सेर (असणे) आणि बेर (पाहणे), त्यामुळे घाबरायचं नाही. लिहिताना या काळात स्वरावरची तिरकी रेघ फक्त 'ईबामोस'ला येते. मी ती चुकवून मार्क घालवलेत.

तिसरा तुकडा उसना, 'असणे'कडून आणलेला. साधा भूतकाळ: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. यातल्या एकावरही रेघ नाही. जुन्या पुस्तकात 'फुए'वर दिसली तर बुचकळ्यात पडू नका, पूर्वी देत असत. हीच्या हीच रूपं 'सेर' म्हणजे 'असणे'लाही आहेत. मग 'गेलो' की 'होतो' हे कळायचं कसं? पुढच्या शब्दावरून. 'फुई आ माद्रिद', 'आ' आला की गेलो. 'फुई प्रोफेसोरा', मी शिक्षिका होते. प्रत्यक्ष बोलताना माझा यात कधीच गोंधळ झाला नाही, परीक्षेत मात्र मुद्दाम विचारतात.

इथे मला एक गंमत सापडली. 'किल्ला बांधला गेला' या वाक्यात आपण कर्मणीसाठी 'जाणे' वापरतो, किल्ला कुठेही जात नसला तरी. स्पॅनिशमध्ये हेच 'एल कास्तियो फुए कोन्स्त्रुइदो'. व्याकरणाने ते 'फुए' 'असणे'चं आहे, पण कानाला ते 'गेला'च लागतं. योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फुकटची खुंटी मिळाली.

खरी अडचण रूपांची नसते, 'इबा' कधी आणि 'फुई' कधी याची असते. वर्गात इंग्रजीतून शिकवतात तेव्हा हा भाग तासन् तास चालतो, कारण दोन्हीला 'वेन्ट' म्हणून चालून जातं. तुम्ही इंग्रजी मध्ये आणूच नका. 'लहानपणी मी शाळेत चालत जायचे', हे 'इबा'. 'मी बाजारात जात होते, तेवढ्यात पाऊस आला', यातलंही 'जात होते' म्हणजे 'इबा'. 'काल मी बाजारात गेले', हे 'फुई'. जायचो, जात होतो, किंवा गोष्टीतला राजा रोज शिकारीला 'जाई' असं मराठीत म्हणावंसं वाटलं की 'इबा' टाका, 'गेलो' वाटलं की 'फुई'. दहातल्या नऊ वेळा उत्तर बरोबर येतं.

विध्यर्थाचंही तेच. 'क्येरो के बायास' म्हणजे 'तू जावंस अशी माझी इच्छा आहे'. 'जावंस'ला 'बायास'. आपल्याकडे हे रूप घरात रोज वापरात आहे. फक्त 'फुएरा' वेगळं लक्षात ठेवा: ते तिसऱ्या तुकड्यातलं, 'सी फुएरा', जर मी गेले तर (म्हणजे जाणार नाहीच बहुतेक).

धातुसाधितं दोन, येंदो (जात) आणि इदो (गेलेला). 'गेलो आहे'ला 'ए इदो', 'गेलो होतो'ला 'आबीआ इदो'. बाई असो की बुवा, 'इदो' बदलत नाही. आपलं गेला-गेली-गेले इथे विसरायचं. आणि एखाद्याला नुसतं 'एस्ता इदो' म्हटलं तर तो डोक्याने गेलाय. आपली 'गेलेली केस'.

आज्ञार्थ थोडा विचित्र आहे: तू जा म्हणजे 'बे', आदराने 'आपण जा' म्हणजे 'बाया', स्पेनमधलं 'तुम्ही' म्हणजे 'इद', चला म्हणजे 'बामोस' (राफाएल नदालचं ते आरोळीवजा 'बामोस' ऐकलं असेलच). अर्जेंटिनात 'तू जा'साठी या तिन्ही तुकड्यांतलं काहीच घेत नाहीत, 'आन्दार' म्हणजे चालणे, त्याचं 'आन्दा' म्हणतात. गोधडीला चौथं ठिगळ.

रूपं बिनचूक येऊनही मी एकदा तोंडावर आपटले ती गोष्ट सांगते. स्पेनमध्ये शिकायला होते तेव्हा घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली. मी खोलीतून मराठी सवयीने 'येते येते'चं भाषांतर ओरडले, 'आओरा बेंगो!' बाई हातात झारा घेऊन दारात. 'आत्ता कुठे चाललीस? सूप निवतंय.' कारण स्पेनमध्ये त्याचा अर्थ 'जाऊन येते, आलेच परत'. हाकेला ओ देताना तिथे म्हणतात 'या बोय', शब्दशः 'आता जाते'. बोलणारा जिथे उभा आहे तिथून दूर जाणं म्हणजे 'इर', समोरचा वाट बघत असला तरी. आणि निघताना 'मे बोय', 'मी जाते'. आमच्या आजीने 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' हे इतकं मनावर बिंबवलंय की पहिले तीन महिने ते दोन शब्द माझ्या घशातच अडकायचे.

परीक्षेबद्दल: रोज एकाच तुकड्याची रूपं घ्या आणि स्वतःच्या दिवसावर वाक्यं करा, तक्ता उभा-आडवा घोकू नका. पेपरहून आल्यावर आपण विचारतो 'कसा गेला?', तसंच तिथे 'कोमो ते फुए?' विचारतात, तेच 'इर', तोच तिसरा तुकडा. आणि पेपरला जाण्याआधी 'चांगला जावो'साठी म्हणतात: के ते बाया ब्येन.