वाचकांचे प्रश्न : माडीवरचा लोखंडी पलंग नेमका कुठला?

प्रश्न (अमळनेर येथील एक वाचक) : आमच्या वाड्याच्या माडीवर एक जुना लोखंडी पलंग आहे. त्याच्या चारही खांबांवर पितळी गोळे, उशाच्या व पायथ्याच्या चौकटीत पितळी नळ्या आणि मच्छरदाणीचे दांडे आहेत. पणजोबांनी तो गावातल्या मिलच्या ओतशाळेत करून घेतला, असे घरात सांगत आले आहेत. कोपऱ्याच्या सांध्यावर ‘४’ हा आकडा व इंग्रजीत ‘पेटंट’ हा शब्द उठावात आहे. पलंगावर टाकलेल्या फळ्यांपैकी एकीवर पुसट काळ्या इंग्रजी अक्षरांत ‘ईस्ट खानदेश’ असे वाचता येते. भंगारवाला तो वजनावर मागतो आहे. पलंग खरोखर इथलाच आहे का, आणि तो दुरुस्त कसा करावा?

उत्तर : आपल्या घरातली आठवण खोडून काढताना मला वाईट वाटते, परंतु हा पलंग अमळनेरात ओतलेला नाही, तो बहुधा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातून आलेला आहे. तिथे रॉबर्ट विनफील्ड यांनी १८२७ मध्ये धातूच्या पलंगाचे पेटंट घेतले, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहरातील कारखाने असे पलंग हजारोंनी तयार करून जगभर पाठवू लागले.

खरा पुरावा सांध्यात आहे. चौकटीत जिथे दोन सळया एकमेकींना ओलांडतात, तिथली फुलासारखी गाठ भिंगाखाली पाहा. तिच्यावर वेल्डिंगचा ओघळ नाही, रिव्हेट नाही, केवळ मधोमध केसासारखी एक शिवण दिसेल. सळया मांडणीवर बसवून प्रत्येक ओलांडणीभोवती लोखंडी साच्याचे दोन अर्धे भाग आवळत आणि त्यात वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतत. साचा धातूचा असल्यामुळे रस लगेच गोठे आणि गाठ गुळगुळीत निघे. वाळूच्या साच्यातून निघालेला भाग सहसा असा नितळ नसतो, तो थोडा खरखरीत लागतो. मिलच्या ओतशाळेला यंत्राचा तुटलेला भाग वाळूच्या साच्यात ओतणे अवघड नव्हते, पण एका पलंगासाठी इतके जोडसाचे घडवणे कुणालाच परवडले नसते. हजारो नग काढणाऱ्या कारखान्यालाच ते शक्य होते.

कोपऱ्याचा सांधाही तसाच बोलका आहे. बाजूच्या पट्टीच्या टोकाला खाली निमुळती होत जाणारी पाचर असते आणि ती खांबावरच्या खाचेत वरून उतरते. एकही स्क्रू नसताना झोपणाऱ्याच्या वजनानेच हा सांधा घट्ट बसतो, आणि मला तरी या साऱ्या बांधणीतली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. ‘४’ हा आकडा बहुधा कोणता भाग कोणत्या खांबाला जोडायचा हे ओळखण्यासाठी आहे, कारण असे पलंग सुटे करून पाठवले जात.

काळाचा अंदाज मात्र आपल्या फळीवरून बांधता येतो. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, तेव्हा ‘ईस्ट खानदेश’ हा पत्ता त्याआधीचा असू शकत नाही. ही फळी पलंगाच्याच खोक्याची असेल, तर पलंग १९०६ नंतर आला. पहिल्या महायुद्धात बर्मिंगहॅमचे कारखाने युद्धसाहित्याकडे वळले आणि युद्धानंतर इंग्लंडमध्ये लाकडी पलंगांची आवड परतली, म्हणून माझा कल १९०६ ते १९१४ या वर्षांकडे आहे. कापसाने हाती पैसा दिलेला आणि रेल्वेने मुंबईशी जोडलेला खानदेश तेव्हा अशा वस्तू मागवू लागला होता. धाब्याच्या घरात सुंभाच्या बाजेवर निजणाऱ्या गावात असा पलंग आला, तेव्हा त्याचे अप्रूप किती वाटले असेल, याची कल्पना करता येते. मिलची गोष्टही अगदी निराधार नसावी. पट्टी किंवा दांडा तुटल्यावर तो तिथल्या कारागिराने बदलून दिला असणे सहज शक्य आहे. एखादा भाग इतरांपेक्षा खरखरीत किंवा जाडसर लागला, तर तो जपून ठेवा, कारण पलंगातले अमळनेर तेवढेच आहे.

दुरुस्तीबाबत सांगायचे तर आधी नळ्यांना लोहचुंबक लावा. तो चिकटला तर आत लोखंड असून वर पितळेचा पातळ पत्रा आहे. चिंच, राख किंवा पॉलिश पेपरने घासल्यास तो झिजून आतले लोखंड उघडे पडेल. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. खांबावरचे गोळे पोकळ असतात, ते पकडीने पिळू नका; आट्यांवर रॉकेलचे थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी हाताने फिरवा. पलंग सोडताना पट्टीला खालून लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. लोखंडी हातोडीने बीड तडकते, आणि साध्या वेल्डिंगने जोडलेले बीड पुन्हा शेजारीच फुटते. तडा असेल तर पितळेने झाळणारा माणूस शोधा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. भंगारवाल्याला देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (शहादा येथील एक वाचक) : आमचे सागवानी आरशाचे कपाट कारखान्यातले की सुताराने घडवलेले, हे कसे ओळखावे?

उत्तर : खालचा खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या कोपऱ्यावरचा, पारव्याच्या शेपटीसारखा पसरत जाणारा सांधा पाहा. दात एकसारखे मापात असतील तर ते यंत्राचे काम. दात कमी-अधिक रुंद असून शेजारी आखणीची बारीक रेघ राहिली असेल तर ते हाताचे. त्यानंतर खणाच्या तळाखाली तळहात फिरवा, हाताच्या रंध्याने निघालेला लहरीसारखा चढउतार लगेच जाणवतो. फळीवर गोल करवतीच्या कमानी दिसल्या तरी त्यावरून कारखाना ठरवू नका, कारण लाकूड वखारीत यंत्राने चिरून पुढचे काम सुताराने हाताने केलेले असू शकते. सातपुड्याचा साग आपल्या इतका जवळ असताना कपाट इथल्याच सुताराचे असण्याची शक्यता मला अधिक वाटते. खणाचा सांधा पाहून कळवावे.