घटस्फोटानंतर थकलेली वकिलाची फी कोणी द्यायची?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीने झाला, तुमच्या वकिलांची फी पतीने भरायची असे तोंडी ठरले होते आणि आता ते नकार देत आहेत. तुमचे वकील मात्र उरलेली फी आणि शिवाय एकरकमी पोटगीतील दहा टक्के रक्कम तुमच्याकडे मागत आहेत, आणि ती मिळेपर्यंत कागदपत्रे देण्यास तयार नाहीत. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. तुम्हाला कदाचित न आवडणारी गोष्ट आधी सांगतो.

फीचा करार वकील आणि वकीलपत्रावर सही करणारा अशील यांच्यातच होतो. तुमच्या पतीने त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ठरलेल्या फीची बाकी तुमच्या वकिलांना तुमच्याकडूनच मागता येते. न्यायालयाने पतीला दाव्याचा खर्च देण्याचा आदेश दिला असता, तरी तो तुम्हा दोघांमधला हिशेब ठरला असता. पतीने पैसे थकवले म्हणून तुमची वकिलांप्रती असलेली जबाबदारी संपली नसती, फक्त दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून ती रक्कम पतीकडून वसूल करण्याचा मार्ग तुम्हाला मिळाला असता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ नुसार पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पत्नीला किंवा पतीला दाव्याचा खर्च जोडीदाराकडून मागता येतो, परंतु हा अर्ज दावा चालू असतानाच करायचा असतो. आता तुमच्या हाती उरतात त्या न्यायालयात दाखल केलेल्या संमतीच्या अटी. त्या पुन्हा नीट वाचा. ‘ज्याने त्याने आपला खर्च सोसावा’ किंवा ‘यापुढे एकमेकांविरुद्ध कोणतीही मागणी राहणार नाही’ असे वाक्य त्यांत बहुधा असते, आणि ते असेल तर तोंडी आश्वासनाच्या आधारे पतीकडून वसुली होणे फार कठीण आहे.

दहा टक्क्यांची मागणी मात्र तुम्ही स्पष्टपणे नाकारावी, आणि हे मी एक वकील म्हणून ठामपणे सांगतो. दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांची सक्त मनाई आहे. मोटार अपघाताच्या भरपाईतून टक्केवारीने फी मागणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात, बी. सुनिता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने अशी मागणी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे म्हटले आणि त्या फीसाठी घेतलेल्या धनादेशावरून चाललेला फौजदारी खटलाही रद्द केला. पोटगी हा तुमच्या पुढच्या आयुष्याचा आधार आहे. तिच्यात वकिलाचा वाटा असू शकत नाही. तसे लिहिलेल्या कागदावर तुमची सही घेतली असेल, तरी माझे उत्तर बदलत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात, निकाली काढला आहे: फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, त्याने फीच्या वसुलीसाठी कायद्याचा वेगळा मार्ग धरावा. तेव्हा कागदपत्रांची यादी जोडून ती परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. तरीही ती मिळाली नाहीत, तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. हुकूमनाम्यासाठी, म्हणजे घटस्फोट मंजूर करणाऱ्या न्यायालयाच्या आदेशासाठी, तर वकिलांवर अवलंबून राहण्याचे कारणच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने प्रत्येक पक्षकाराला विनामूल्य द्यायची असते, आणि पुढे आणखी लागल्यास नक्कल विभागात स्वतः अर्ज करून प्रमाणित नक्कल घेता येते.

राहिली खरोखर ठरलेली फी. त्याच पत्रात किती फी ठरली, किती मिळाली आणि बाकी कशाची आहे, याचा लेखी हिशेब व पावत्या मागा. आकडा तुमच्या समजुतीशी जुळला, तर ती रक्कम द्यावी असे माझे मत आहे, कारण काम झालेले आहे. एकदम जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवून घ्या. हिशेब पटेपर्यंत मात्र ‘देते’ असा संदेश फोनवरूनही पाठवू नका. अशा वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि मुदतीत दिलेल्या लेखी कबुलीमुळे ती नव्याने मोजली जाते. वकिलांनी दिवाणी दावा लावलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.